मोरचूद, चुना आणि आमचे घरमालक

बिघडलेली कुठलीही गोष्ट मोरचूद आणि चुना यांच्या योग्य मिश्रणाने दुरुस्त होते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझा घरमालक निघाला. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. नव्या ऑफिसांना नवे कारकून हवे होते, म्हणून मला नांदेडहून उचलून तिकडे पाठवलं. गावात पाट्या नव्या होत्या, रंग ओला होता आणि भाड्याची खोली मिळत नव्हती. गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका गल्लीत कुणीतरी नेऊन सोडलं. दार उघडं होतं. अंगणात धोतर खोचलेला, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी असा एक उंच म्हातारा टोमॅटोच्या झाडापुढे उकिडवा बसला होता. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे होते. मी नमस्कार केला, तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता एक पान उलटं करून दाखवलं आणि विचारलं, "हे काय हाय, सांगा." मी म्हणालो, "डाग आहेत." "करपा हाय," ते म्हणाले, "पर तुमाला डाग तर दिसले. बऱ्याच जनाला ते बी दिसत न्हाईत. खोली मागच्या अंगाला हाय, बघून घ्या."

अशी मला खोली मिळाली. नाव त्यांनी विचारलं नाही. मी नांदेडचा म्हणून मला ते अखेरपर्यंत नांदेडकर म्हणत राहिले, आणि मी गल्लीतल्या सगळ्यांसारखं त्यांना अप्पा म्हणू लागलो.

अप्पांची आडत होती, पण दुकानावर धाकटा भाऊ बसायचा. अप्पा दुपारचे तिथे जाऊन गादीवर नुसते टेकत आणि गिऱ्हाइकांनी आणलेल्या हरभऱ्याच्या रोपट्यांची तपासणी करत. खरा त्यांचा जीव घरापुढच्या त्या चार खणांच्या अंगणात होता. तिथे टोमॅटो, दोन डाळिंबं, भिंतीला धरून चढलेली पानवेल, अक्कांची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, तुळस आणि आडाच्या काठाला एक मोठं लिंबाचं झाड होतं. एवढ्याशा बागेवर त्यांनी जेवढी औषधं फवारली, तेवढी एखाद्या द्राक्षबागायतदाराने दहा एकरांवर फवारली नसतील. आठवड्याचा एक दिवस त्यासाठी राखलेला असे. त्या दिवशी सकाळी लिंगपूजा आटोपली की ते एका मडक्यात कळीचा चुना विझवायला टाकत, दुसऱ्या प्लास्टिकच्या बादलीत मोरचुदाचे खडे भिजत घालत आणि दोन्हीच्या मधोमध पाटावर बसून राहत. चुना फसफसायला लागला की त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलायचा. मोरचुदाचं निळंशार पाणी चुन्याच्या निवळीत ओतताना ते कुणाला बोलू देत नसत. मग यायची परीक्षा. लोखंडी सुरी त्या द्रावणात बुडवायची आणि मनात पन्नास आकडे मोजायचे. सुरीवर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. थर चढला नाही तर दवा झाली. या परीक्षेसाठी ते स्वयंपाकघरातली सुरी न्यायचे आणि ती परत जायची नाही. अक्का मला एकदा म्हणाल्या, "भाऊ, माझ्या घरात भाजी चिरायला सुरी न्हाई. दवा तपासायला चार हायत."

या औषधाला बोर्डो मिश्रण म्हणतात. अप्पांची अशी ठाम समजूत होती की नगरकडच्या बोर्डे नावाच्या कुणा डॉक्टरने ते शोधून काढलं. मी एकदा शहाणपणा करून सांगितलं, की ते फ्रान्समधल्या एका गावाचं नाव आहे. अप्पांनी थोडा विचार केला. "असल," ते म्हणाले. "तिकडं गेला असल नौकरीला." त्यानंतर बोर्डे डॉक्टरांविषयीचा त्यांचा आदर अधिकच वाढला. घर सोडून, मुलुख सोडून, परक्या लोकांच्या झाडांसाठी एवढं केलं, असं ते आल्या-गेल्याला सांगत.

माणसांपेक्षा त्यांना पानं लवकर ओळखू येत. पुतण्यासाठी मुलगी बघायला रेणापूरला गेले, तेव्हा मलाही बरोबर घेतलं. बैठक बसली, पोहे आले, मुलगी आली, प्रश्न सुरू झाले, आणि अप्पा कुठेच दिसेनात. शोधायला गेलो तर परसात लिंबाच्या झाडाखाली मुलीच्या वडिलांना उभं करून ते खोडावरचा डिंक नखाने खरवडून दाखवत होते. परत येऊन बसल्यावर सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले, कारण घरातले थोरले तेच. अप्पा म्हणाले, "पोरगी चांगली हाय. लिंबाचं कठीण दिसायलंय." हे कशाच्या संदर्भात आहे ते मुलीकडच्यांना कळेना, आणि मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न ठरलं, झालं, सुखाचंही झालं. पण त्याआधी पंधरा दिवसांत अप्पा दोनदा रेणापूरला जाऊन आले, ते लग्नाच्या बोलणीसाठी नव्हे, तर त्या खोडाला मोरचुदाचा मलम लावायला.

माझ्या ऑफिसच्या दारात गुलाबाची चार झाडं लावली होती. अप्पा एकदा अक्कांनी भरलेला माझा जेवणाचा डबा द्यायला म्हणून आले आणि त्या गुलाबांपुढे थबकले. दुसऱ्या दिवशी डबा नव्हता, पितळी पिचकारी होती. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी चारही गुलाब आणि त्यांच्या मागची नवी पांढरी भिंत पुरुषभर उंचीपर्यंत निळी करून टाकली. साहेब बाहेर आले. भिंतीकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, मग मला बाजूला घेतलं. साहेब हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरच्या पपईचंही काहीतरी बिनसलंय. रविवारी येतील का हे?"

असं ते पहिलं दीड वर्ष गेलं. नंतर पाऊस गेला. एक वर्ष तो अर्धामुर्धा आला, पुढच्या वर्षी नुसते ढग आले आणि गेले. नव्या जिल्ह्याची घडी नीट बसते न बसते तोच माझ्या टेबलावर दुसरं काही येईनासं झालं. टंचाईचे अर्ज, टँकरच्या मागण्या, कुठल्या गावाला किती खेपा याचे तक्ते. संध्याकाळी घरी येताना रस्त्याने घागरींच्या रांगा दिसत. माणसं रांगेत उभी नसत, घागरीच उभ्या असत, आणि माणसं भिंतीच्या सावलीला बसून आपापल्या घागरीवर नजर ठेवून असत. आमच्या गल्लीचा टँकर एक दिवसाआड यायचा. अंगणातल्या आडाचा तळ दिसू लागला. मग तळ तडकला, आणि एके सकाळी अप्पांनी पोहरा वर ओढला तर त्यात मूठभर गाळ आणि एक मेलेला बेडूक होता. त्यांनी पोहऱ्याची दोरी सोडून गुंडाळून ठेवली.

टोमॅटो आधीच गेले होते. मग डाळिंबं गेली. पानवेल भिंतीवरच वाळून तिची जाळी झाली, अक्कांची तुळसही वाळली. अप्पा प्रत्येक झाड गेल्यावर त्याच्या रोगाचं नाव सांगत. हे मर रोगानं गेलं, हे मूळकुजीनं गेलं. तहानेनं गेलं असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. शेवटी उरलं ते लिंबाचं झाड, आणि त्याचे शेंडे वरून वाळत खाली येऊ लागले. अप्पांनी निदान केलं, शेंडेमर. वाळलेले शेंडे कापले, कापलेल्या जागी मलम लावला, खोड निळं केलं, आणि आठवड्याचा फवारा दोनदा सुरू केला. त्या वेळी एका फवाऱ्याला एक बादली पाणी जाई. अप्पांच्या घराला आणि माझ्या खोलीला मिळून दिवसाला सहा घागरी पडत होत्या.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अप्पा, झाडाला रोग नाही. पाणी कमी पडतंय त्याला. ते फवाऱ्याचं पाणी नुसतं बुडाशी ओतलंत तरी जास्त उपयोग होईल."

अप्पांनी एक वाळलेला शेंडा मोडून पाहिला. मग म्हणाले, "नांदेडकर, पानी तर समद्यालाच कमी पडायलंय. त्याला मी काय करू? बिमारी असली तर तिला इलाज हाय."

त्यांना झाडांतलं कळत नव्हतं असं नाही. कोरड्या हवेत बुरशी येत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी गप्प बसलो.

अक्का मात्र गप्प बसत नव्हत्या. फवाऱ्याच्या दिवशी त्या अंगणात उभ्या राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत. "लोक पानी पानी करायलेत आन आमच्या घरी झाडाला आंगूळ चाललीय. शेजारी काय म्हनतील, जरा तरी विचार हाय का?" अप्पा पिचकारी खाली ठेवायचे, त्यांचं पुरतं ऐकून घ्यायचे आणि पुन्हा उचलायचे. शेजाऱ्यांनी बोलायला सुरुवात केलीच होती. अप्पांच्या घरचा ओला वास आला की समोरच्या घराची खिडकी धाडकन लागायची.

एक दिवस मी डबा विसरलो म्हणून दुपारी घरी आलो. अप्पा दुकानावर होते. अंगणात ऊन इतकं होतं की डोळे उघडवत नव्हते. लिंबाच्या बुडाशी अक्का बसल्या होत्या. हाताने माती उकरून त्यांनी छोटं आळं केलं होतं आणि तांब्यातलं पाणी थोडं थोडं, आवाज न करता, त्यात सोडत होत्या. ओतून झाल्यावर त्यांनी वरून कोरडी माती ढकलून ओल झाकली. मग मला पाहिलं.

"त्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या.

"कुठलं पाणी हे, अक्का?"

"माझंच हाय. मला लागत न्हाई एवढं." त्यांनी पदराने हात पुसले. "हे झाड गेलं तर ते दवा कशाला लावतील, भाऊ? एक तरी झाड पायजे का न्हाई त्यांना?"

मी सांगितलं नाही. आजही मी याचा विचार करतो तेव्हा मला वाटतं, की त्या दिवशी संध्याकाळी मी सहज बोललो असतो तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. पण नवरा-बायकोच्या मधल्या गोष्टीत भाडेकरूने कशाला पडायचं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि खरं तर मला त्यात काहीतरी सुंदरही वाटलं होतं. त्या मोठ्याने भांडतात आणि हळूच पाणी घालतात, याचं मला कौतुक वाटलं. किती दिवस चाललंय, त्या स्वतः काय पितात, हे मी विचारलं नाही.

दोन-तीन आठवड्यांनी अक्कांना थंडी वाजून ताप भरला. कंबरेत अशी कळ येऊ लागली, की भिंतीला धरूनही उभं राहता येईना. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आणून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तपासलं, डोळ्यांची पापणी खाली ओढली, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"दिवसाला पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"लागल तेवढं."

"म्हणजे किती? तांब्या, दोन तांबे?"

अप्पा म्हणाले, "पिती की. तिच्या वाटनीची कळशी येगळी भरून ठिवतो मी."

"कळशीतलं या पीत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "मूत्रपिंडाला सूज आहे, खडाही असेल. कित्येक दिवस पाणी पोटात नाही यांच्या. कळशी जाते कुठे?"

अप्पांनी अक्कांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली, आणि त्यांना सगळं कळलं. माणसांच्या तोंडाकडे एरवी कधीही न बघणारा तो माणूस त्या दिवशी माझं तोंड इतक्या नीट बघत राहिला, की मला तिथे उभं राहवेना.

अक्कांना सलाईन लावलं. चार दिवस त्या तिथे राहिल्या. धाकट्या जावेने सोबत केली. अप्पा रोज सकाळ-संध्याकाळ जात, खाटेशेजारी बसत आणि बाटलीतून थेंब पडताना बघत. मला अप्पा काही म्हणाले नाहीत. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

अक्कांना घरी आणायच्या दिवशी सकाळी मला कुऱ्हाडीचा आवाज आला. मी बाहेर आलो तोवर अर्धं खोड तोडून झालं होतं. अप्पांना कुऱ्हाड चालवायची सवय नव्हती. घाव वेडेवाकडे बसत होते. मी म्हणालो, "अप्पा, कशाला? मी येतो रोज अर्धी बादली घेऊन ऑफिसातून."

"तुमी आनचाल," ते धापा टाकत म्हणाले, "आन ती तुमचं पिऊन आपलं झाडाला घालंल. तिला मी वळखतो. झाड हाय तवर ती पानी प्यायची न्हाई."

मी कुऱ्हाड घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही. झाड पडायलाही फारसा आवाज झाला नाही, इतकं ते हलकं झालं होतं. फांद्यांना काही लिंबं होती, सुपारीएवढी, कडक. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि उघडीच राहिली. अप्पांनी फांद्या ओढून भिंतीशी रचल्या. मग ते आत गेले, मलमाचं मडकं घेऊन आले आणि बुडख्यापाशी बसून कापलेल्या जागेवर बोटांनी निळा लेप देऊ लागले. सगळीकडे सारखा, कडेने जरा जाड, नेहमी देत तसा. लेप देऊन झाल्यावर ते तिथेच बसून राहिले. मी म्हणालो, "चला, रिक्षा आली." तेव्हा उठले आणि हात न धुताच रिक्षात बसले.

घरी आल्यावर अक्कांनी अंगणाकडे पाहिलं आणि दारातच खाली बसल्या. त्या आधी रडल्या आणि मग भडकल्या. "मी जित्ती होते की," त्या म्हणाल्या. "मला इचारायचं होतं." अप्पांनी पेल्यात पाणी ओतून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी घेतलं नाही. अप्पा तसेच उभे राहिले. पेला काठोकाठ भरलेला होता, पाणी पेल्याच्या कडेवरून ओघळत होतं, आणि त्या दिवसांत ते सांडणारं पाणी बघवत नव्हतं. शेवटी अक्कांनी ते बघवेना म्हणूनच पेला ओढून घेतला आणि रिकामा केला. नंतर महिनाभर त्या अप्पांशी बोलल्या नाहीत. पण पाणी पीत होत्या. अप्पा समोर बसून प्यायला लावत.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. आडाला पाणी आलं. मोरचुदाची पिशवी अप्पांनी कुणाला तरी देऊन टाकली. अंगणात त्यांनी काही लावलं नाही, आणि अक्कांनी चार वेलींच्या बिया आणून ठेवल्या होत्या, त्या पुडीतच राहिल्या. माझी बदली परत नांदेडला झाली. निघताना अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त लातूरला गेलो, तेव्हा मुद्दाम त्या गल्लीत गेलो. गल्ली रुंद झाली होती, घरांवर मजले चढले होते. अक्कांना जाऊन दोन वर्षं झाली होती. दुखणं वेगळंच होतं, छातीचं. मूत्रपिंडाशी त्याचा काही संबंध नव्हता, असं त्यांच्या पुतण्याने मला दारातच सांगितलं आणि म्हणाला, "पर अप्पांना ते पटत न्हाई. आमी लई समजावलो. डॉक्टर बी बोलले. ते म्हंतात, तवाच्यानं झालं."

अप्पा ओट्यावर बसले होते. पार वाळले होते. हात स्वच्छ पांढरे होते, आणि ते हात ओळखायला मला वेळ लागला. त्यांनी मला लगेच ओळखलं. "नांदेडकर," म्हणाले, "या." गावाची, ऑफिसची, मुलाबाळांची चौकशी केली नाही. पुतण्या हसत म्हणाला, "आता इचारतील बगा. गल्लीतल्या समद्यांला इचारतात. पोस्टमनला बी सोडत न्हाईत." आणि खरंच, अप्पांनी पुढे वाकून माझ्या डोळ्यांत बघत विचारलं, "पानी किती पिताव दिवसाला?"

मी म्हणालो, "पितो, अप्पा. भरपूर पितो."

"किती?"

मला आकडा सांगता येईना. त्यांनी आत हाक मारली, तांब्या मागवला, स्वतःच्या हाताने पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. मला तहान नव्हती. बसस्टँडवर नुकताच चहा झाला होता. मी पेला संपवला. त्यांनी परत भरला. मी तोही संपवला. त्यांनी तिसरा भरला, तेव्हा पुतण्याने मला नजरेनेच खुणावलं, की राहू द्या, ठेवून द्या खाली. मी ठेवला नाही. अप्पा माझ्या गळ्याकडे बघत होते, घोट उतरतोय की नाही ते. संपेपर्यंत बघत राहिले.